न झालेली मोजणी

२०२० च्या जूनमध्ये लडाखमधल्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीची बातमी आली तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तासांत दोन पार्ट्या पडल्या. एका पार्टीचं म्हणणं हे सगळं नेहरूंचं पाप, दुसरीचं म्हणणं चीन जात्याच विश्वासघातकी, आणि मग रात्री उशिरापर्यंत दोन्हीकडून फॉरवर्ड येत राहिले. कर्नल संतोष बाबूंसह आपले वीस जवान गेले होते, त्यामुळे राग सगळ्यांनाच आला होता, मलाही आला होता. पण हे नेमकं कशावरून पेटलं असं कुणी विचारलं असतं तर ग्रुपवरच्या एकालाही धड सांगता आलं नसतं. मला तर नाहीच. तेव्हापासून मिळेल ते वाचत गेलो, जुने नकाशे बघत बसलो, आणि आता माझं जे मत झालंय ते मांडतो.

माझ्या मते भारत-चीन सीमावादाचं मूळ एका न झालेल्या मोजणीत आहे. ही हद्द दोन्ही देशांनी एकत्र बसून, दोघांच्या सह्यांनी कधी ठरवलीच नाही. आणि न ठरलेली हद्द ठरलेलीच आहे असं दोन्हीकडच्या सरकारांनी आपापल्या लोकांना इतकी वर्षं इतकं ठासून सांगितलं, की आता ती ठरवायला बसणं हीच फितुरी वाटायला लागलीय.

हे मला पटलं ते आमच्याच शेतावरून. खटाव तालुक्यात आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे, शेजारी चुलत्यांची, आणि मधला बांध माझ्या लहानपणापासून वादाचा. आमचे वडील म्हणायचे ते नांगरताना दरवर्षी एक तास आत येतात, चुलते म्हणायचे तुम्हीच बांध कोरता. शेवटी वडिलांनी मोजणीचा अर्ज केला, लगतच्या सगळ्यांना नोटिसा निघाल्या, आणि चुलत्यांनी नोटीस घेतलीच नाही. भूकरमापक आला, साखळी टाकली, दगड रोवले, आमच्या हातात ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा सरकारी नकाशा, पडली आणि आम्हाला वाटलं संपलं एकदाचं. पुढच्या पावसाळ्याआधी दगड उपटलेले. चुलत्यांचं म्हणणं साधं होतं, मी हजर नव्हतो, मी सही केली नाही, ती मोजणी तुमची, माझी नाही. आणि आमचंही म्हणणं तितकंच पक्कं होतं की आमच्याकडे सरकारी कागद आहे. त्यानंतर बारा वर्षं दोन घरांचं येणं-जाणं बंद होतं.

हिमालयात नेमकं हेच घडलंय, फक्त ते ३,४८८ किलोमीटरवर घडलंय. हा आकडासुद्धा आपला आहे बरं का, चीन सीमा सुमारे दोन हजार किलोमीटरचीच मोजतो कारण लडाखकडची बाजू तो त्यात धरतच नाही. म्हणजे बांध कुठे आहे हे सोडा, बांध किती लांब आहे यावरही एकमत नाही.

मुळात १९५० पर्यंत चीन आपला शेजारी नव्हताच, शेजारी होता तिबेट. लडाख आणि तिबेट यांच्यात १६८४ चा तिंगमोसगांगचा तह होता, मग जम्मूच्या गुलाबसिंगांचा सेनापती जोरावरसिंग थेट मानससरोवराच्या पुढे तकलाकोटपर्यंत गेला, १८४१ च्या डिसेंबरात तिथल्या थंडीत मारला गेला, आणि १८४२ ला चुशूलचा करार झाला. त्या करारात हद्दीबद्दल काय आहे, तर जुन्या काळापासून चालत आलेली हद्द दोघांनी पाळायची. बस. पण जुनी हद्द म्हणजे कुठून कुठे हे कागदावर नाही, कारण तेव्हा गरजच नव्हती. कुठल्या खोऱ्यात कुणाची शेळ्यामेंढरं चरतात आणि कुठलं गाव कुणाला सारा देतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि लडाखच्या टोकाला असलेल्या अक्साई चिनसारख्या पाच हजार मीटर उंचीवरच्या उजाड माळाची हद्द कोण कशाला आखेल?

आखायची घाई झाली ती इंग्रजांना. १८४६ मध्ये अमृतसरच्या तहानं काश्मीर पंचाहत्तर लाखांना गुलाबसिंगांच्या पदरात घातल्यावर त्यांनी लगेच हद्द ठरवायला कमिशनर पाठवले आणि समोरून कुणी आलंच नाही. ही पहिली न घेतलेली नोटीस. १८६५ ला डब्ल्यू. एच. जॉन्सन नावाच्या सर्व्हेयरनं खोतानपर्यंत जाऊन येऊन अख्खा अक्साई चिन काश्मीरच्या महाराजांच्या हद्दीत दाखवला. मग १८९९ मध्ये इंग्रजांनीच दुसरी रेष काढली, तिच्यात अक्साई चिनचा बराचसा भाग चीनकडे जात होता, आणि क्लॉड मॅकडोनाल्ड या आपल्या राजदूतातर्फे तो प्रस्ताव पेकिंगला दिला. चीननं उत्तरच दिलं नाही. हो नाही, नाहीही नाही. रशियाची भीती वाढली की इंग्रजांची रेष उत्तरेला सरकायची, भीती कमी झाली की दक्षिणेला यायची, आणि जाताना त्यांनी आपल्या हातात ठेवला तो असल्या अर्धवट रेषांचा गठ्ठा.

पूर्वेकडे निदान एक कागद आहे. १९१३-१४ ची सिमला परिषद, त्यात इंग्रजांकडून हेन्री मॅकमहोन, तिबेटचे लोनचेन शात्रा आणि चीनचे इव्हान चेन. मॅकमहोन आणि शात्रा यांनी मार्च १९१४ मध्ये आपसात पत्रं आणि नकाशा देऊन आसाम-तिबेट हद्द ठरवली, तीच मॅकमहोन रेषा, चीनच्या प्रतिनिधीला त्या बोलण्यात घेतलं नाही. पुढे परिषदेच्या मसुद्यावर चेननं आद्याक्षरं केली तर पेकिंगनं ती लगेच नाकारली. आपली बाजू अशी की तेव्हा तिबेट आपले निर्णय आपण घेत होता म्हणून करार पक्का. चीनची बाजू अशी की तिबेटला असा करार करायचा अधिकारच नव्हता. माझ्या मते इथे आपली बाजू चीनपेक्षा बरीच भक्कम आहे, आणि चीनला ती मान्य करता येत नाही त्याचं खरं कारण जमीन नाहीये, तिबेट आहे. मॅकमहोन रेषा मान्य करायची म्हणजे १९१४ ला तिबेट स्वतःच्या सहीनं करार करू शकत होता हे मान्य करायचं, आणि मग १९५० ला तुम्ही तिथे सैन्य कोणत्या हक्कानं घातलं हा प्रश्न उभा राहतो. हा मुद्दा आपल्याकडच्या चर्चेत फार कमी येतो. अरुणाचलमधल्या तवांगवर चीन इतका का अडून बसलाय, तर तिथला मठ आणि तिथे जन्मलेले सहावे दलाई लामा, म्हणजे तिबेटवरच्या हक्काची अख्खी गोष्ट तिथे येऊन अडते.

तरी तो नकाशाही काय होता बघा. एका इंचाला आठ मैल असं प्रमाण आणि त्यावर शाईची जाड लाल रेघ. साधा हिशोब केला तर अशा नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर अर्धा किलोमीटर होते. तवांगच्या पश्चिमेला, भूतानच्या कोपऱ्याशी, थागला नावाची डोंगराची धार आहे आणि खाली नामका चू ही छोटी नदी. नकाशावरची रेघ थागलाच्या दक्षिणेनं जाते. आपलं म्हणणं असं की मॅकमहोनला पाणलोटाची धार धरायची होती, म्हणून हद्द थागलाच्या माथ्यावर. तर्क म्हणून बरोबर आहे, पण कागदावर रेघ खालीच आहे. १९६२ च्या जूनमध्ये आपण तिथे धोला पोस्ट उभं केलं, सप्टेंबरात चिनी सैनिक थागलावरून खाली उतरले आणि २० ऑक्टोबरच्या पहाटे नामका चूच्या काठावरची सात नंबरची ब्रिगेड काही तासांत संपली, ब्रिगेडियर दळवी कैद झाले. सुती कपड्यातली, थोडक्या काडतुसांवर उभी केलेली पोरं होती ती. रेघेच्या जाडीत आणि पाणलोटाच्या धारेत जो फरक होता, त्या फरकात ती पोरं उभी होती. मला हे वाचताना दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

आता नेहरूंवर येतो, कारण आल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यांनी अक्साई चिन देऊन टाकला असं जे फिरतं ते चूक आहे. माझ्या मते त्यांची खरी चूक वेगळी आणि जास्त खोल होती. १९५० च्या सरकारी श्वेतपत्रिकेच्या नकाशात पश्चिमेची, म्हणजे लडाखकडची हद्द ‘अनिश्चित’ अशी छापलेली होती. सरकार स्वतःच सांगत होतं की इथे मोजणी झालेली नाही. २९ एप्रिल १९५४ ला तिबेटबरोबरच्या व्यापाराचा, पंचशीलचा करार झाला, त्यात शिपकी ला, माना, नीती, लिपुलेख अशा सहा खिंडींची नावं आली पण हद्दीचा विषय काढला नाही, आणि १ जुलै १९५४ ला नेहरूंनी लेखी आदेश दिला की यापुढे नकाशात पक्की रेषा दाखवायची आणि तिच्यावर कुणाशीही चर्चा नाही. ‘अनिश्चित’ शब्द गेला, ठळक रेष आली. चीनला विचारलं नाही, तिथे आपली चौकी होती असंही नाही. म्हणजे लगतधारकाला नोटीस न देताच ‘क’ प्रत छापली गेली आणि पुढच्या प्रत्येक पिढीनं तीच प्रत खरी धरली.

पण चीन काही साळसूद नव्हता, आणि आपल्याकडे काही विद्वान मंडळी सगळा दोष दिल्लीवर टाकतात तेही मला पटत नाही. त्याच अक्साई चिनमधून त्यांनी शिंजियांग ते तिबेट रस्ता गुपचूप काढला, १९५७ मध्ये पुरा झाल्याचं त्यांनी जाहीर केलं तेव्हा आपल्याला कळलं. १९५८ च्या उन्हाळ्यात आपण दोन गस्ती तुकड्या पाठवल्या, त्यातली एक त्यांनी पकडून ठेवली. तोपर्यंत चीननं आपल्या नकाशांबद्दल एक अवाक्षर काढलं नव्हतं, आणि मग २३ जानेवारी १९५९ ला चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांचं पत्र येतं की ही सीमा औपचारिकपणे कधी ठरलेलीच नाही. गोष्ट खरी होती. पण खरी गोष्ट रस्ता बांधून झाल्यावर सांगायची याला दगलबाजीच म्हणतात.

त्यानंतरचं एक वर्ष फार महत्त्वाचं आहे. मार्च १९५९ ला ल्हासात उठाव, महिनाअखेरीस दलाई लामा तवांगच्या बाजूनं भारतात, ऑगस्टमध्ये पूर्वेकडे लोंगजूला गोळीबार, त्याच महिन्यात रस्त्याची गोष्ट संसदेत उघड, आणि २१ ऑक्टोबरला लडाखमध्ये कोंगका ला खिंडीजवळ आपल्या पोलिसांच्या तुकडीवर हल्ला. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यात दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस मुख्यालयात स्मृतिदिनाची परेड होते ती याचीच, हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. या सगळ्यानं देश पेटला. अक्साई चिनमध्ये गवताचं पातंही उगवत नाही असं नेहरू म्हणाले तर काँग्रेसचेच खासदार महावीर त्यागींनी स्वतःच्या टकलाकडे बोट दाखवून विचारलं की इथेही काही उगवत नाही, मग हे कापून देऊ का? हा किस्सा आजही टाळ्या घेतो. मला मात्र तो त्या काळातला सगळ्यात दुःखाचा क्षण वाटतो, कारण त्या दिवसापासून ही हद्द चर्चेनं ठरवायची वाट बंद होत गेली.

एप्रिल १९६० ला चाऊ दिल्लीत आले. आडून आडून त्यांचं म्हणणं होतं की पूर्वेला तुमचा ताबा आहे तो तुमच्याकडे, पश्चिमेला आमचा आहे तो आमच्याकडे. म्हणजे चीन अरुणाचलवरचा आग्रह सोडेल, आपण अक्साई चिनवरचा. नेहरूंनी नाही म्हटलं आणि मंत्रिमंडळातले बाकीचे तर आणखी कडक होते. त्याच वर्षी चीननं ब्रह्मदेशाबरोबर हद्द ठरवली, आणि ती जवळपास मॅकमहोन रेषेवरच, फक्त नाव न घेता. १९६१ ला नेपाळशी ठरवली. मग सगळ्यात बोलकं उदाहरण रशियाचं. १९६९ ला उसुरी नदीतल्या एका बेटावरून सोव्हिएत आणि चिनी सैनिक एकमेकांना मारत होते, दोघांकडे अणुबॉम्ब होते, आणि तरी १९९१ चा करार, मग २००४ चा, आणि २००८ मध्ये शेवटची बेटं वाटून तो चार हजार किलोमीटरहून लांब बांध त्यांनी मिटवला. त्यामुळे चीन हद्द कुणाशीच मिटवत नाही हे खरं नाही. जमिनीवरून त्याचं राहिलंय ते आपल्याशी आणि भूतानशी. आणि अण्वस्त्रांमुळे वाद सुटत नाही हेही खरं नाही.

अण्वस्त्रांनी वेगळंच केलंय. चीननं १६ ऑक्टोबर १९६४ ला लोप नूरला पहिली चाचणी केली, आपण १९७४ ला आणि मग १९९८ ला, आणि १९९८ च्या वेळी वाजपेयींनी क्लिंटनना लिहिलेल्या पत्रात रोख चीनकडेच होता. दोन्ही देश म्हणतात आम्ही पहिला वापर करणार नाही. मोठं युद्ध होणार नाही याची दोघांना बऱ्यापैकी खात्री आहे. पण मोठं युद्ध होणार नाही म्हटल्यावर मिटवायची घाईही कुणाला राहत नाही. त्यात १९९६ च्या करारात ठरलं की ताबारेषेपासून, म्हणजे आज प्रत्यक्षात ज्याच्या ताब्यात जे आहे त्या रेषेपासून (एलएसी), दोन किलोमीटरच्या आत बंदूक चालवायची नाही. म्हणून मग एकमेकांसमोर बॅनर धरायचे, गस्तीहून परतताना सिगारेटची पाकिटं नि खाण्याचे रिकामे डबे टाकून यायचे म्हणजे आम्ही इथवर आलो होतो याचा पुरावा, आणि एखाद्या रात्री दगड, काठ्या, खिळे मारलेले दांडके. जगातल्या दोन अण्वस्त्रधारी सैन्यांची ही लढाई. १५ जूनच्या रात्री गलवान नदीच्या गार पाण्यात पडूनही काही जवान गेले.

ज्या ताबारेषेवरून हे चालतं, तीही दोघांची वेगवेगळी आहे. १९९३ ला नरसिंह रावांच्या वेळी करार झाला की ताबारेषेचा मान राखायचा, पण ती कुठून जाते ते ठरवायचं राहिलं. २००० साली मधल्या टापूचे, म्हणजे हिमाचल-उत्तराखंडकडचे, नकाशे दोघांनी एकमेकांना दिले. २००२ ला लडाखचे नकाशे टेबलावर आले आणि लगेच परत घेतले गेले, त्यानंतर चीन त्याला तयारच होत नाही. इथे दोष सरळ चीनचा आहे. बांध अस्पष्ट ठेवण्यात ज्याचा ट्रॅक्टर मोठा त्याचा फायदा असतो, हे आमच्या तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल. देपसांग २०१३, चुमार २०१४, गलवान २०२०, यांग्त्से २०२२, सैन्यं समोरासमोर आली ती ही सगळी प्रकरणं त्या अस्पष्टपणाची फळं आहेत. आपणही लडाखच्या उत्तर टोकाच्या दौलत बेग ओल्डीपर्यंतचा २५५ किलोमीटरचा रस्ता २०१९ ला पुरा केला. तो करायलाच हवा होता, पण समोरच्याला त्यात काय दिसलं असेल तेही समजून घेतलं पाहिजे.

मग काय, अक्साई चिनवर पाणी सोडायचं? हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो, आणि रागानं येतो. माझं उत्तर असं की १९६० ला ज्या अदलाबदलीवर बोलता आलं असतं ती आज समोर नाहीच. १९८५ पासून चीन पूर्वेकडे, विशेषतः तवांगला, सवलत मागतोय. उशीर आपल्याला महाग पडलाय. आपल्याकडे जमिनीचा तुकडा द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते, सुप्रीम कोर्टानं १९६० ला बेरुबारीच्या प्रकरणात ते सांगितलंय, आणि ते योग्यच आहे, गुपचूप काही देता येऊ नये. पण बांगलादेशाबरोबर २०१५ ला आपण हेच केलं की, शंभरावी घटनादुरुस्ती करून छिटमहाल, म्हणजे एकमेकांच्या देशात अडकलेले जमिनीचे तुकडे, वाटून घेतले, संसदेत कुणीही विरोधात गेलं नाही. फरक एवढाच की बांगलादेशाबद्दल लोकांना प्रश्न नीट सांगितला होता. चीनबद्दल १४ नोव्हेंबर १९६२ ला संसदेनं घेतलेली शपथ, लढा कितीही लांबला तरी आक्रमकाला हाकलून लावू, ही तशीच उभी आहे आणि १९६२ च्या पराभवावरचा १९६३ चा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल साठ वर्षांनंतरही सरकारी कपाटात आहे. हरलो का ते लोकांना सांगायचं नाही आणि मिटवायचं तर लोक ऐकणार नाहीत म्हणायचं, हे कसं चालेल? हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आपण यशवंतरावांबद्दल अभिमानानं म्हणतो, मीही म्हणतो. त्यांनीच संरक्षणमंत्री म्हणून संसदेत त्या अहवालातला सारांश मांडला होता. पुढचं कुणी उघडायला तयार नाही, सरकार कुठल्याही पक्षाचं असो.

या सगळ्यात ज्यांचं नाव कुणी घेत नाही ते लडाखमधल्या चांगथांग पठारावरचे चांगपा मेंढपाळ. पश्मिना ज्या शेळ्यांचा, त्या शेळ्या हिवाळ्यात जिथे न्यायच्या ते माळ कधी या गस्तीमुळे बंद, कधी त्या. १८४२ च्या करारात ज्याला ‘जुनी हद्द’ म्हटलं ती खरं तर याच माणसांच्या पायाखालची होती. आणि आपल्या मुलांच्या कंपासपेटीत मात्र प्लास्टिकचा भारताचा साचा, पेन्सिल फिरवली की हद्द तयार. माझ्या मुलीला मी तो साचा वापरू नको म्हणत नाही, तो आपला दावा आहे आणि तो तिला माहीत असलाच पाहिजे. पण त्या रेषेच्या वरच्या टोकाला १९५४ पर्यंत ‘अनिश्चित’ लिहिलेलं होतं, हेही दहावीच्या पुस्तकात एका ओळीत सांगायला काय हरकत आहे?

आमचा बांध मिटला तो दुसऱ्या मोजणीत. आमच्या आत्यानं मध्यस्थी केली, चुलते हजर राहिले, आणि भूकरमापकानं हुशारी अशी केली की वादाच्या जागेवरून सुरुवातच केली नाही. विहिरीकडच्या टोकाचा दगड दोघांनाही मान्य होता, तिथून साखळी धरली. अर्ध्या बांधावर भांडण नव्हतंच हे तेव्हा कळलं. उरलेल्या अर्ध्यात आमची थोडी जमीन गेली.

२१ ऑक्टोबर २०२४ ला देपसांग आणि देमचोकच्या गस्तीवर समझोता झाला, आणि ऑगस्ट २०२५ च्या बोलण्यांत असं ठरलं की ज्या भागात लवकर जमेल त्या भागाची हद्द आधी ठरवता येईल का हे बघायला तज्ज्ञांचा गट नेमायचा. मधल्या टापूत, हिमाचल आणि उत्तराखंडच्या डोक्यावर, नकाशांची देवाणघेवाण २००० सालीच झालीय. तिथे चमोली जिल्ह्यात बाराहोती नावाचं एक कुरण आहे. पंचशीलच्या सह्यांची शाई वाळून तीन महिने होतात न होतात तोच १७ जुलै १९५४ ला चीनचं पहिलं निषेधाचं पत्र आलं होतं ते याच कुरणावरून. या वादातला पहिला कागद तिथला आहे. साखळी तिथूनच टाकावी.